घोडीची जुळी : निदान कुठवर पोहोचले?

शेळीला दोन करडे झाली की घरात आनंद होतो. मेंढीची जुळी कळपात सहज सामावून जातात. घोडीच्या पोटात जुळी दिसली, की मात्र स्टड फार्मवरचा पशुवैद्य आधी नोंदवही मागतो आणि विचारतो, आज कितवा दिवस? चौदावा असेल तर काम काही मिनिटांत उरकते. चाळिसावा असेल तर चर्चा लांबते. चौथा महिना उलटला असेल, तर दोन्ही शिंगरे हातची जाण्याची शक्यताच मोठी असते.

ब्रिटनमधल्या शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांविषयी लिओ जेफकॉट आणि कॅथरीन व्हिटवेल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी पाहिलेल्या जुळ्यांच्या गर्भारपणांपैकी सुमारे ६५ टक्क्यांत दोन्ही शिंगरे गेली. सुमारे २१ टक्क्यांत एक जिवंत जन्मले आणि दोन्ही जिवंत जन्मण्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्याही आत राहिले. जगलेल्यांतली बरीचशी अशक्त होती आणि पहिले काही आठवडेही त्यांना जड गेले. त्या काळी थरोब्रेड घोड्या गाभडण्याच्या कारणांत जुळ्यांचा क्रमांक पहिला होता.

पुढे १९८८ ते १९९७ या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये १,२५२ मृत गर्भ आणि नवजात शिंगरांची तपासणी झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जुळ्यांचा वाटा ६ टक्के निघाला. नाळेच्या तक्रारी, विशेषतः नाळेला पडलेला पीळ, आता यादीत सर्वांत वर होत्या. अमेरिकेतल्या केंटकीत १९८६ ते १९९१ दरम्यान साडेतीन हजारांच्या घरात नमुने तपासले गेले. तिथेही जुळ्यांचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपासच आले. या पाहण्यांची मोजमापे सारखी नाहीत, त्यामुळे आकडे थेट एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत. तरी कल स्पष्ट आहे. घोड्यांच्या पोटात जुळी राहणे कमी झाले नाही; ती वेळेवर सापडू लागली.

म्हणजे प्रश्न सुटला का? बराचसा सुटला. जो भाग उरला, त्यावर आजही जाणकारांत एकमत नाही.

जागेचा हिशेब

घोडीचे गाभणपण साधारण ३४० दिवसांचे असते. या काळात एका शिंगराला पोसायला तिचे जवळजवळ सगळे गर्भाशय कामाला लागते. गाईची वार ठरावीक गाठींवर चिकटते. घोडीची वार गर्भाशयाच्या अस्तरभर पसरते आणि बारीक बारीक अंकुरांनी सगळीकडून पोषण ओढते. दोन गर्भ असले की अस्तराची वाटणी होते. शिवाय दोन वारी जिथे एकमेकींना टेकतात, तिथे अंकुर उगवतच नाहीत. तेवढी जागा दोघांनाही उपयोगाची राहत नाही.

जेफकॉट आणि व्हिटवेल यांना या वाटणीचे तीन प्रकार दिसले. दर पाचांपैकी चार जोड्यांत एक शिंगरू गर्भाशयाचे एक शिंग आणि मधल्या भागाचा मोठा हिस्सा बळकावते, दुसरे उरलेल्या कोपऱ्यात उपाशी वाढते. धाकटे मरते आणि बहुधा थोरल्यालाही घेऊन जाते. हे घडते ते अनेकदा सातव्या-आठव्या महिन्यानंतर, म्हणजे मालकाचा वर्षभराचा खर्च होऊन गेल्यावर. दहांतल्या एखाद्या जोडीत वाटणी बरोबरीची होते; दोन्ही जिवंत जन्मण्याची आशा असते ती इथेच. उरलेल्या जोड्यांत एक गर्भ अगदी लहान असतानाच मरून वाळून जातो, आणि दुसरा कधी कधी दिवस पूर्ण करतो.

घोडीलाही हे सोपे जात नाही. विताना अडणे, वार अडकणे आणि पुढच्या हंगामात गाभण न राहणे हे सगळे धोके वाढतात. जन्माआधी बरेच दिवस कास भरून दूध उतरू लागले, तर अनुभवी मोतद्दारालाही जुळ्यांची शंका येते. पण हे लक्षण दिसते तेव्हा एक गर्भ आत मेलेला असण्याचीच शक्यता अधिक.

घोड्यांतली जुळी जवळजवळ नेहमी दोन वेगळ्या बीजांची असतात. एकाच माजात दोन बीजे सुटतात आणि दोन्ही फळतात. थरोब्रेड आणि जड ओझ्याच्या जातींत असे जास्त होते, तट्टांमध्ये कमी. थरोब्रेड घोड्यांत अभ्यासागणिक १५ ते २५ टक्के माजांमध्ये दुहेरी बीजे सुटलेली आढळतात आणि घोडीचे वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. दोन बीजे एकाच वेळी सुटायला हवीत असेही नाही. घोड्याचे वीर्य घोडीच्या पोटात दोन-तीन दिवस आणि काही वेळा त्याहूनही अधिक टिकते. त्यामुळे दोन दिवसांनी सुटलेले दुसरे बीजही पहिल्याच भेटीत फळू शकते. निदानातल्या बऱ्याच चुकांचे मूळ या दोन दिवसांच्या अंतरात आहे.

हात, रक्त आणि हृदयाचे ठोके

सोनोग्राफी येण्यापूर्वी पशुवैद्याचे मुख्य साधन त्याचा हात होते. गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपायचे आणि तिसऱ्या आठवड्यापासून शिंगाच्या बुडाशी येणारा फुगवटा शोधायचा. दोन शिंगांत दोन फुगवटे लागले तर जुळी ओळखता येत. दोन्ही गर्भ एकाच शिंगात शेजारी शेजारी बसले, तर हाताला एकच फुगवटा लागे. बहुसंख्य जुळी नेमकी अशीच बसतात.

रक्ताची तपासणीही होती. कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरोल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांनी १९३० मध्ये गाभण घोडीच्या रक्तातले एक संप्रेरक दाखवून दिले होते. आज ते ईसीजी किंवा जुन्या नावाने पीएमएसजी म्हणून ओळखले जाते. घोडी गाभण आहे का, हे त्यावरून कळते. पोटात किती आहेत, ते कळत नाही. गाभणपणाच्या उत्तरार्धात घोडीच्या पोटावरून शिंगरांच्या हृदयाचा विद्युत आलेख काढून दोन वेगळ्या लयी शोधण्याचे प्रयोगही झाले. त्यातून जुळी सापडत, पण करण्यासारखे फारसे उरलेले नसे.

म्हणून सगळा भर प्रतिबंधावर होता. माजावर आलेल्या घोडीच्या बीजांडकोषात दोन मोठी बीजपुटके हाताला लागली, की तो माज वाया घालवायचा, किंवा पहिले बीज सुटून काही तास गेल्यावरच घोडी फळवायची. हा सल्ला फुकटचा नव्हता. उत्तर गोलार्धात थरोब्रेड शिंगराचा वाढदिवस १ जानेवारी धरला जातो. उशिरा जन्मलेले शिंगरू शर्यतीत थोराड जोडीदारांशी झुंजते. फळवण्याचा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा आणि एक माज सोडला तर तीन आठवडे गेले. त्यातच पुढे असेही दिसून आले, की दोन बीजे सुटणाऱ्या घोड्या गाभण राहण्याचे प्रमाण उलट अधिक असते. म्हणजे जुळ्यांच्या भीतीने बाजूला ठेवल्या जाणाऱ्या माजांतच यशाची शक्यता जास्त होती.

१९८० नंतरचे चित्र

फ्रान्समध्ये एरिक पामर आणि द्रियांकूर यांनी १९८० मध्ये घोडीच्या प्रजननात सोनोग्राफी कशी वापरता येईल, हे दाखवणारा लेख प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या एका गटाने एकेरी आणि जुळे गाभणपण लवकर ओळखण्याचा आपला अनुभव मांडला. पीटर रॉसडेल, सिडनी रिकेट्स आणि न्यूमार्केटचे डब्ल्यू. आर. ॲलन ही घोड्यांच्या वैद्यकातली मातब्बर नावे त्या गटात होती. हाताला तिसऱ्या आठवड्यात जे लागे, ते आता दुसऱ्याच आठवड्यात पडद्यावर दिसू लागले.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले ओ. जे. गिंथर यांनी त्याच दशकात या चित्रांचा अर्थ लावला. घोडीचा गर्भ बीज सुटल्यापासून सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतो आणि तिथे स्थिर बसत नाही. सोळाव्या दिवसापर्यंत तो गोल पुटिकेच्या रूपात या शिंगातून त्या शिंगात दिवसातून कित्येकदा फिरत राहतो. हा फेरफटका गरजेचा असतो. घोडीच्या शरीराला ‘आपण गाभण आहोत’ हे त्यातूनच उमगते आणि माज परत येत नाही. सोळाव्या दिवसाच्या आसपास पुटिका एका शिंगाच्या बुडाशी अडकते. जुळी असली तर दोन्ही कुठे अडकतात, यावर पुढची कथा ठरते. साधारण ७० टक्के जोड्या एकाच शिंगात शेजारी शेजारी अडकतात, बाकीच्या दोन शिंगांत.

गिंथर यांचे दुसरे निरीक्षण अधिक खळबळजनक ठरले. एकाच शिंगात अडकलेल्या जुळ्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत चाळिसाव्या दिवसाच्या आत एक गर्भ आपोआप नाहीसा होतो. दुसऱ्या पुटिकेला चिकटल्यामुळे त्याच्या पोषणाचा भाग अस्तरापर्यंत पोहोचत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. दोन पुटिकांच्या आकारात फरक असेल, तर लहान जाण्याची शक्यता आणखी वाढते. दोन शिंगांत वेगवेगळ्या अडकलेल्या जोड्यांत मात्र असे जवळपास घडत नाही. त्यांना सुरुवातीला जागा पुरते, आणि भांडण सुरू होते ते काही महिन्यांनी.

चौदाव्या दिवशी काय दिसते

घोडी ट्रेव्हिसमध्ये, म्हणजे तपासणीच्या चौकटीत, उभी केली जाते, शेपटी बांधून बाजूला घेतली जाते आणि पशुवैद्य आधी लीद काढून घेतो. मग हातात सोनोग्राफीचा प्रोब धरून तो गुदमार्गातून ठरलेल्या वाटेने जातो : एका बाजूचा बीजांडकोष, त्या बाजूचे शिंग, मधला भाग, थेट गर्भाशयाच्या मुखापर्यंत, मग दुसरे शिंग आणि दुसरा बीजांडकोष. पुटिका फिरती असल्याने ती मुखाशीही सापडू शकते, म्हणून वाटेतला तुकडाही सोडून चालत नाही.

पडद्यावर चौदाव्या दिवसाचा गर्भ दीड सेंटिमीटरच्या आसपासच्या काळ्या कुळकुळीत वर्तुळासारखा दिसतो, आणि त्याच्या वरच्या-खालच्या कडेला आखूड पांढऱ्या रेघा चमकतात. एक वर्तुळ सापडले म्हणून चांगला पशुवैद्य थांबत नाही. बीज सुटल्या जागी बीजांडकोषात पीतपिंड तयार होतो; असे पीतपिंड किती आहेत ते तो मोजतो. पीतपिंड दोन आणि पुटिका एक असा हिशेब आला, तर दुसरे बीज फळले नसेल, किंवा दुसरा गर्भ अजून दिसण्याइतका मोठा झाला नसेल. अशा घोडीला एक-दोन दिवसांनी पुन्हा बोलावले जाते.

दोन पुटिका सापडल्या तर बहुधा त्याच भेटीत एक नाहीशी केली जाते. लहान पुटिका बोटांनी किंवा प्रोबने हळूहळू ढकलत शिंगाच्या टोकाकडे नेतात आणि तिथे दाबून फोडतात. वर्तुळ मिटते आणि क्षणभर द्रवाची पातळ रेघ दिसते. दोन्ही पुटिका एकमेकींना चिकटलेल्या आढळल्या, तर घोडीला तास-दोन तास मोकळे सोडून पुन्हा तपासले की त्या बहुधा आपोआप वेगळ्या झालेल्या सापडतात. अनुभवी हातांत सोळाव्या दिवसापूर्वीच्या या उपायाला ९० टक्क्यांहून अधिक यश मिळते. सी. जे. रॉबर्ट्स यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्या हातात पडदा नव्हता. सोनोग्राफीने तिला डोळे दिले.

दाबावे की थांबावे?

आज बहुतेक मोठ्या स्टड फार्मवर पहिले मत चालते : दुहेरी बीजांची भीती न बाळगता घोडी फळवावी, १३ ते १५ दिवसांदरम्यान तपासावी आणि जुळी दिसताच एक कमी करावी. या बाजूचा मुख्य आधार वेळापत्रक आहे. पस्तिसाव्या दिवसानंतर घोडीच्या गर्भाशयात एंडोमेट्रियल कप तयार होतात आणि ईसीजी सोडू लागतात. त्यानंतर दोन्ही गर्भ गेले तरी हे कप शंभर-सव्वाशे दिवसांपर्यंत काम करत राहतात. घोडी नीट माजावर येत नाही आणि हंगाम संपतो. पुटिका एकदा अडकली की तिला शेजारणीपासून वेगळे करणेही कठीण. त्यामुळे सोळाव्या दिवसाआधीच निर्णय व्हावा, असे या मताचे म्हणणे.

दुसरे मत निसर्गाला थोडा वेळ द्यावा असे सांगते. एकाच शिंगातल्या बहुसंख्य जोड्या आपोआप सुटत असतील, तर हात लावायची घाई कशाला? प्रत्येक दाबण्यात थोडा धोका असतोच : गर्भाशय आकुंचन पावते, गाभणपण मोडू शकणारे प्रोस्टाग्लँडिन स्रवते, क्वचित गुदमार्गाला इजा होते, आणि हात सराईत नसेल तर चुकीची पुटिकाही फुटू शकते. या मताचे लोकही बेफिकीर राहायला सांगत नाहीत. त्यांची अट अशी, की तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात वारंवार तपासणी व्हावी आणि कप तयार होण्याआधी अंतिम निर्णय घ्यावा.

या वादात नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक महत्त्वाची भर टाकली. गर्भाची भ्रूणावस्था सुरू होईपर्यंत, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या सुमारापर्यंत, जुळी कमी करणे लांबवले तर उरलेला गर्भही जाण्याचा धोका वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याने लवकर हात घालणाऱ्यांची बाजू भक्कम केली. मात्र सतराव्या ते तिसाव्या दिवसांच्या मधल्या पट्ट्यात एकाच शिंगातली जोडी सापडली तर काय करावे, हा प्रश्न त्यातून सुटला नाही. या काळात दाबण्याचे यश कमी असते आणि आपोआप एक जाण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे दोन पशुवैद्य एकच चित्र पाहून दोन वेगळे सल्ले देऊ शकतात, आणि दोघांकडेही सांगण्यासारखे कारण असते.

सोबतच्या औषधांबाबतही असेच आहे. दाबण्याच्या वेळी फ्लुनिक्सिन देऊन प्रोस्टाग्लँडिनला आळा घालण्याची आणि नंतर काही दिवस गाभणपण टिकवणारे अल्ट्रेनोजेस्ट देण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. लवकर आणि सफाईने केलेल्या दाबणीत त्यांची गरज कितपत, याबद्दल मते जुळत नाहीत. बरेच जण ती ‘नुकसान तर नाही ना’ या हिशेबाने देतात.

प्रतिबंधाचा मार्ग आता मागे पडला असला, तरी संपलेला नाही. सोनोग्राफी सहज मिळत नसेल, घोडी आडगावात असेल किंवा पुन्हा तपासणीला आणणे शक्य नसेल, तर दोन बीजपुटके असलेला माज सोडण्याचा जुना सल्ला काही जाणकार आजही रास्त मानतात.

उशिरा सापडलेली जुळी

निदान लांबले की पर्याय वाढतात आणि यश घटते. जर्मनीत मेर्क्ट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये घोडीचा खुराक तोडून जुळ्यांतला एक गर्भ घालवण्याचा प्रयोग मांडला होता. नेमक्या दिवशी नेमका गर्भ निवडता येणाऱ्या पद्धती आल्यावर तो मागे पडला. दुसऱ्या महिन्यात योनिमार्गातून प्रोब आणि लांब सुई नेऊन एका पुटिकेतला द्रव शोषून घेता येतो. बहुतेक अहवालांत त्यातून एक जिवंत शिंगरू मिळण्याचे प्रमाण निम्म्याहून कमीच राहते.

६० ते १२० दिवसांच्या काळासाठी केंटकीतल्या कॅरन वुल्फ्सडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एका गर्भाच्या डोक्याचा आणि मानेचा सांधा निखळवण्याची पद्धत सांगितली. ती गुदमार्गातून हाताने किंवा कुशीवर छेद घेऊन करता येते. इथे उरलेला गर्भ टिकण्याची शक्यता बरी, पण हे काम थोड्याच लोकांना जमते. नॉर्मन रँटनन आणि सहकाऱ्याने १९८८ मध्ये चौथ्या महिन्यानंतर पोटावरून सुई घालून एका गर्भाच्या हृदयात औषध टोचण्याची रीत मांडली. तिथेही निम्म्याच्या आसपास यश मिळते. शस्त्रक्रियेने एक गर्भ काढल्याच्या नोंदीही आहेत, विशेषतः दोन शिंगांतल्या जोड्यांच्या.

या पद्धतींचे आकडे तुलनेला ठेवताना दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. एक, घोड्यांची संख्या बहुतेक अहवालांत थोडी असते. दोन, त्या घोड्या मोठ्या केंद्रांवर, त्या कामात मुरलेल्या लोकांकडे आलेल्या असतात. तेच काम इतरत्र केले तर तोच निकाल मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

पडदा फसवतो तेव्हा

सोनोग्राफी असूनही जुळी निसटतात, आणि त्यामागची कारणे ठरलेली आहेत. पहिले कारण दिवसांचे. बीज सुटल्याची तारीख माहीत नसेल, नुसती घोडी फळवल्याची तारीख धरली असेल, तर ‘चौदावा दिवस’ प्रत्यक्षात बारावा निघतो. त्यात दुसरा गर्भ दोन दिवसांनी धाकटा असला, तर तो दिसतच नाही.

दुसरे कारण गर्भाशयातल्या गाठींचे. वयस्क घोड्यांच्या अस्तरात द्रवाने भरलेल्या गाठी असतात, आणि पडद्यावर त्या पुटिकेसारख्याच काळ्या दिसतात. गाठ समजून गर्भ सोडला जातो, किंवा गर्भ समजून गाठ दाबायला जातात. त्यावर उपाय जुना आणि साधा आहे : घोडी फळवण्याआधीच गाठींचा नकाशा काढून ठेवणे. गाठ हलत नाही, वाढत नाही. गर्भ सोळाव्या दिवसापर्यंत हलतो, सतराव्या दिवसापर्यंत दररोज तीन-चार मिलिमीटर वाढतो, आणि चौथ्या आठवड्यात त्याच्या हृदयाचे ठोके दिसतात. म्हणूनच चौदाव्या दिवसानंतर २५ ते ३० दिवसांच्या सुमारास दुसरी तपासणी करण्यावर सगळ्या पक्षांचे एकमत आहे.

तिसरे कारण गेल्या काही वर्षांत पुढे आले. प्रयोगशाळेत फळवलेला एकच गर्भ दुसऱ्या घोडीत सोडला, तरी क्वचित एकाच बीजाची जुळी निपजतात. उट्रेख्टमधूनच २०२० मध्ये अशा घोड्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. या जुळ्यांची अडचण निराळी आहे. दोन्ही गर्भ एकाच पुटिकेत असतात, म्हणून चौदाव्या दिवशी पडदा एकच वर्तुळ दाखवतो आणि पीतपिंडही एकच असतो. दोन गर्भ वेगळे ओळखू येतात ते बहुधा चौथ्या आठवड्याच्या पुढे, आणि तेव्हा एकाला हात न लावता दुसऱ्याला घालवणे जवळपास अशक्य असते. दोन बीजांच्या जुळ्यांसाठी बसवलेली सगळी पद्धत इथे तोकडी पडते.

इथल्या घोड्यांचे काय?

महाराष्ट्रात या चर्चेचा थेट संबंध पुण्याभोवतीच्या थरोब्रेड स्टड फार्मशी येतो. पूनावाला स्टड फार्मची स्थापना १९४६ ची. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींत धावणारे कितीतरी घोडे या पट्ट्यात जन्मले. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन मान्य नाही, त्यामुळे घोडी प्रत्यक्ष घोड्यानेच फळवली जाते आणि तारखा नोंदल्या जातात. चौदाव्या दिवसाची तपासणी चालवायला लागणारी शिस्त इथे मुळातच आहे.

स्टड फार्मच्या कुंपणाबाहेर चित्र वेगळे आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख होते. २०१२ मध्ये ती संख्या ६.२५ लाखांच्या घरात होती. त्यातले बहुसंख्य टांगे, वीटभट्ट्या, लग्नाच्या वराती आणि धनगरांच्या वाड्यांवर राबणारे. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूरकडची भीमथडी तट्टे याच जगातली. त्यांच्या बाबतीत बीज सुटल्याची तारीख तर सोडाच, घोडी कधी फळली हेही अंदाजाने सांगितले जाते. सारंगखेड्याच्या बाजारात गाभण म्हणून विकल्या जाणाऱ्या घोडीच्या पोटात एक आहे की दोन, हे व्यवहारात बहुधा विचारले जात नाही. लहान अंगाच्या तट्टांमध्ये दुहेरी बीजे सुटण्याचे प्रमाण कमी असते, हा त्यातला दिलासा.

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने घोडीच्या रक्तातले पीएमएसजी ओळखणारा तपासणी संच विकसित केला आहे. जिथे सोनोग्राफी यंत्र पोहोचत नाही, तिथे गाभण तपासणीला तो उपयोगी पडतो, पण गर्भांची संख्या सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. याच संस्थेच्या बिकानेर केंद्रात मारवाडी घोड्यांमध्ये गर्भ प्रत्यारोपणाचे काम सुरू झाले असून २०२३ मध्ये त्यातून शिंगरे जन्मली. गर्भ प्रत्यारोपणाच्या पुढे प्रयोगशाळेतल्या फलनाकडे हे काम सरकले, तर एकाच बीजाच्या जुळ्यांचा प्रश्न भारतातही दारात येईल.

उरलेले प्रश्न

एकमत झालेल्या गोष्टी मोजक्या, पण ठाम आहेत. घोडीने जुळी दिवस भरेपर्यंत वाढवू नयेत. निदान सोळाव्या दिवसाआधी व्हावे. दोन पीतपिंड दिसले तर पुन्हा तपासावे. आणि एंडोमेट्रियल कप तयार होण्याआधी शेवटचा निर्णय व्हावा.

वाद उरला आहे तो कडेच्या प्रकरणांत. एकाच शिंगात अडकलेली जोडी तिसऱ्या आठवड्यात सापडली तर किती दिवस थांबावे, याचा पक्का निकष हाती नाही. पुटिकांच्या आकारातला फरक हा उपयोगी इशारा आहे, पण तेवढ्यावर निर्णय सोडावा का, यावर मते भिन्न आहेत. बीज सुटण्यासाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांनी दुहेरी बीजांचे प्रमाण वाढते का, याचे निष्कर्षही एका दिशेने जात नाहीत. एका पुटिकेतल्या जुळ्यांसाठी भरवशाचा उपाय अजून कुणी दाखवलेला नाही. तिथे बऱ्याचदा सगळेच गाभणपण लवकर संपवून नव्या माजाची वाट पाहणे एवढेच पशुवैद्याच्या हाती राहते.

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर द्यायला नवे यंत्र लागणार नाही. बीज सुटल्याची तारीख, पीतपिंडांची संख्या, पुटिकांचा आकार आणि जागा, हात लावला की थांबले, आणि शेवटी शिंगरू जन्मले का, एवढ्या नोंदी अनेक स्टड फार्मवरून सारख्या पद्धतीने एकत्र आल्या, तर तिसऱ्या आठवड्यातल्या घोडीविषयी बोलताना दोन्ही बाजूंना आपापल्या अनुभवाखेरीज एकमेकांचे आकडेही समोर ठेवता येतील.